कणगीतले बी आणि शेतातले बी

भारतीय वाङ्मयात बीज ह्या प्रतिमेइतकी वापरून वापरून गुळगुळीत झालेली प्रतिमा क्वचितच सापडेल. कर्म हे बीज, वासना हे बीज, मंत्राला बीज, नाट्यशास्त्रातील पाच अर्थप्रकृतींपैकी पहिली तीही बीजच. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, वाराणसीस पूर्ण केली. त्या स्कंधाच्या बाराव्या अध्यायात संसारवृक्षाचे जे रूपक आहे त्याचा आरंभही बीजांपासूनच होतो. परंतु प्रतिमा जितकी परिचित, तितका तिच्यामागील पदार्थ दुर्लक्षित राहतो. बी रुजते म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने वनस्पतिशास्त्राकडे सोपवून दिलेला असतो. वस्तुतः तो प्रश्न आपल्या शास्त्रग्रंथांत फार काटेकोरपणे विचारला गेला होता, आणि त्यांतील काही उत्तरांचा काशीशी निकटचा संबंध आहे.

प्रश्न साधा दिसतो. कणगीत आठ महिने पडून राहिलेला भाताचा दाणा तेथे रुजत नाही. तोच दाणा ओल्या जमिनीत पडला की काही दिवसांत त्याला कोंब येतो. मग अंकुराचे कारण दाण्यात आहे, जमिनीत आहे, की पाण्यात?

परंपरेनुसार सुश्रुतसंहितेचा उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरीने केला. तिच्या शारीरस्थानात गर्भधारणेचे विवेचन करताना अंकुराचा दृष्टान्त येतो. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार एकत्र आली की अंकुर निश्चित, असा त्याचा आशय आहे. ही यादी पाहिली म्हणजे ती करणाराला शेतीचा चांगला परिचय असावा असे वाटते. चारांपैकी तीन गोष्टी बीजाच्या बाहेरच्या आहेत आणि चौथे खुद्द बीज. त्यांतील एकालाच कर्तृत्व देण्याचा मोह येथे टाळला आहे.

वाराणसीच्या वेशीवरील सारनाथ हे बौद्धांच्या पहिल्या प्रवचनाचे स्थान. शालिस्तंबसूत्राचा प्रसंग मात्र राजगृहाच्या परिसरातील आहे. तथापि बौद्ध विचारातील प्रतीत्यसमुत्पाद ह्या मध्यवर्ती कल्पनेचे विवरण त्यात भाताच्या रोपाच्या आधारे केलेले असल्यामुळे त्याचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. बीजापासून अंकुर, अंकुरापासून पान, पुढे कांड, नाळ, फूल आणि फळ ही एक साखळी झाली. तिच्या जोडीला सहा प्रत्यय सांगितले आहेत: पृथ्वी, अप्, तेज, वायू, आकाश आणि ऋतू. पृथ्वी बीजाला धारण करते, पाणी त्याला भिजवते, तेज त्याचा परिपाक करते, वायू त्याला बाहेर काढतो, आकाश अडथळा करीत नाही आणि ऋतू त्यात परिणाम घडवून आणतो. ह्यांपैकी कोणालाही ‘मी हा अंकुर उत्पन्न करतो’ असे वाटत नाही, बीजालासुद्धा वाटत नाही, ही त्या विवेचनातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. बीजाचा निरोध आणि अंकुराची उत्पत्ती ह्या गोष्टी तराजूचे एक पारडे खाली जावे आणि त्याच क्षणी दुसरे वर यावे अशा घडतात, असेही तेथे सांगितले आहे.

आकाशाचे कार्य ‘अडथळा न करणे’ एवढेच असल्याचे वाचून आधुनिक वाचकाला हसू येण्याचा संभव आहे. ज्याने पावसाने चोपून घट्ट झालेल्या जमिनीचा पापुद्रा न फोडता आल्यामुळे आतल्या आत वाकडे होऊन मेलेले कोंब पाहिले आहेत, त्याला ते येणार नाही.

दहाव्या-अकराव्या शतकांत ह्याच प्रश्नावर मोठा वाद झाला. ज्ञानश्रीमित्र आणि त्यांचे शिष्य रत्नकीर्ती हे विक्रमशिलेचे बौद्ध आचार्य एका बाजूस आणि मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य दुसऱ्या बाजूस. वादाचा नित्याचा दृष्टान्त ‘कुशूलस्थ बीज’ हा होता. कुशूल म्हणजे धान्य साठविण्याची कोठी. मराठीत तिला कणगी म्हणता येईल. बौद्धांचे म्हणणे असे की, समर्थ वस्तू विलंब करीत नाही. कणगीतले बी अंकुर देत नाही, त्या अर्थी त्याच्या ठिकाणी सामर्थ्य नाही. शेतातले देते, त्या अर्थी आहे. सामर्थ्य आणि असामर्थ्य एकाच वस्तूत राहू शकत नाही. म्हणून कणगीतले बी आणि शेतातले बी ही दोन भिन्न बीजे होत. क्षणोक्षणी नवे बीज जन्माला येते, आणि शेतात अखेर असा एक बीजक्षण येतो की अंकुर देणे हेच त्याचे स्वरूप असते. त्या स्वरूपास त्यांनी ‘कुर्वद्रूप’ अशी संज्ञा दिली. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ ह्या ग्रंथात ह्याचे खंडन केले. त्यांच्या मते बी एकच असते. अंकुर देण्याची योग्यता बीजत्वातच आहे. माती, पाणी इत्यादी सहकारी कारणे जमेपर्यंत कार्य खोळंबते, एवढेच. बीजत्वापलीकडे कुर्वद्रूप नावाचा आणखी एक विशेष मानावयास प्रमाण नाही.

अंकुर हे ह्या वादात निमित्त होते आणि खरा झगडा आत्म्याच्या स्थिरतेविषयी होता, हे उघड आहे. म्हणून कोणत्याही पक्षाने बी फोडून पाहिले नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. (बी फोडून पाहणारे आधी होऊन गेले होते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला वडाच्या फळातील बी फोडावयास लावतो आणि आत काहीच दिसत नाही हे त्याच्या तोंडून वदवून घेतो.) तरीही वादातील प्रश्न खरा होता, आणि बी फोडून, तोलून व रंगवून पाहणाऱ्या विज्ञानाने त्याविषयी जे शोधून काढले ते दोन्ही पक्षांना थोडे अडचणीत टाकणारे आहे.

वाळलेल्या बियाण्यात पाण्याचे प्रमाण साधारणतः शेकडा ८ ते १२ असते. अशा बियाला ओल मिळाली की ते प्रथम झपाट्याने पाणी शोषून फुगते. हे फुगणे निव्वळ भौतिक आहे. मेलेले बीही फुगते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यापासून संतवाङ्मयापर्यंत सर्वत्र आढळणारा भाजलेल्या बीजाचा दृष्टान्त येथे आठवावा. भाजलेला दाणा पाण्यात टाकला तर तोही पाणी पितो आणि पहिल्या काही तासांत जिवंत दाण्याहून त्याला वेगळे ओळखणे कठीण असते. दग्धबीजाचे वंध्यत्व त्या वेळी दिसत नाही. ते नंतर, जेव्हा दुसरे बी पुढच्या टप्प्यात जाते आणि हे तेथेच कुजू लागते तेव्हा प्रकट होते. उष्णतेने त्यातील प्रथिनांची घडण मोडलेली असते. दृष्टान्त योजणाऱ्यांनी ह्या फुगण्याचा उपयोग केला असता तर ज्ञान्याच्या ठिकाणी उरलेल्या वासनाभासाचे वर्णन कदाचित अधिक अर्थपूर्ण झाले असते.

दुसऱ्या टप्प्यात बियाचे वजन जवळजवळ स्थिर राहते. बाहेरून सर्व शांत. आत मात्र मोठी लगबग चाललेली असते. श्वसन वेगाने सुरू होते. वाळताना आणि साठवणीत फाटलेली पेशीपटले सांधली जातात, आनुवंशिक द्रव्यातील मोडतोड दुरुस्त होते, आणि बी झाडावर पिकत असतानाच त्यात साठवून ठेवलेल्या संदेशद्रव्यांनुसार प्रथिने बनू लागतात. तिसऱ्या टप्प्यात मूलांकुर बीजावरण भेदून बाहेर येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रुजण्याची क्रिया येथे संपते. पुढची ती रोपाची वाढ. मूलांकुर बाहेर येईपर्यंत अनेक जातींचे बी पुन्हा वाळले तरी मरत नाही आणि दुसऱ्यांदा ओल मिळाली की रुजू शकते. एकदा मूलांकुर बाहेर पडला की माघार नाही. मृगाच्या एका सरीवर पेरणी उरकावी आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे राहावे, म्हणजे दुबार पेरणीचे संकट का येते ते ह्यावरून कळते. शालिस्तंबसूत्रातील तराजूचा दृष्टान्त सुंदर आहे, पण बीज संपणे आणि अंकुर होणे ह्यांच्या मध्ये काही तासांचा, क्वचित काही दिवसांचा असा अवधी असतो, आणि शेतकऱ्याचे नशीब पुष्कळदा त्याच अवधीत ठरते.

धान्यात हे काम कसे चालते ह्याचा उलगडा सातूच्या दाण्यावरील प्रयोगांनी झाला. दाण्याचा बहुतेक भाग पिष्टाचा साठा असतो आणि भ्रूण त्याच्या एका टोकाशी लहानसा असतो. भिजलेला भ्रूण जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. ते साठ्याभोवतीच्या ॲल्यूरोन नामक थरापर्यंत पोचते. त्या थरातून पिष्टाची साखर करणारे विकर स्रवते, आणि साखर भ्रूणाकडे परतते. ह्या द्रव्याचा शोध एका रोगातून लागला. जपानमधील भाताची काही रोपे भलतीच उंच वाढून कोलमडत. १९२६ साली कुरोसावा ह्यांनी दाखवून दिले की हा परिणाम एका बुरशीने सोडलेल्या द्रव्याचा आहे. त्या बुरशीच्या नावावरून जिबरेलिन हे नाव पडले. त्याच्या उलट काम करणारे ॲब्सिसिक आम्ल बियाला निद्रिस्त ठेवते. बी जागे व्हावे की नाही, हे बव्हंशी ह्या दोहोंच्या तोलावर अवलंबून असते.

पाणी आवश्यक, तसा प्राणवायूही आवश्यक. पाण्यात बुडालेल्या शेतात बहुतेक बियाणे गुदमरून कुजते. भात ह्याला अपवाद आहे. अल्प प्राणवायूतही तो आपल्या कोंबाचे आवरण उंच वाढवून हवा गाठू पाहतो. सुश्रुतसंहितेच्या यादीत पाणी आहे, वायू नाही. बौद्ध सूत्रात दोन्ही आहेत, परंतु वेगवेगळे. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत मात्र ह्या दोहोंच्या योग्य मेळाला एकच शब्द आहे. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आहे आणि हवाही खेळते आहे अशी अवस्था. पाऊस पडल्यावर पेरणीसाठी वाफसा येण्याची वाट पाहावी लागते. पाऊस हवा आणि तो ओसरावयासही हवा. कारणसामग्रीचा इतका नेमका विचार एका शब्दात साठवणारे उदाहरण दार्शनिक परिभाषेतही सहज मिळणार नाही.

येथवरचे विवेचन उदयनाचार्यांच्या बाजूचे वाटेल: बी सिद्ध आहे, सहकारी येण्याचा अवकाश. अडचण पुढे येते. सर्व सहकारी हजर असूनही पुष्कळ बिया रुजत नाहीत, आणि तरी त्या मेलेल्या नसतात. ह्या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. बाभळीच्या बियाचे कवच इतके कठीण असते की पाणीच आत शिरत नाही. शेळीच्या पोटातून गेल्यावर ते रुजण्याजोगे होते. चीनमधील लिआओनिंग प्रांतातील एका आटलेल्या सरोवराच्या तळाशी सापडलेले, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी कवच कापून भिजविल्यावर रुजले, असा वृत्तान्त १९९५ साली प्रसिद्ध झाला. काही बियांना थंडी सोसावी लागते. काहींना प्रकाश लागतो, आणि प्रकाशाचाही रंग महत्त्वाचा असतो. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी लेट्यूस ह्या पालेभाजीच्या बियांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तांबडा प्रकाश दिला की बी रुजे. त्यानंतर लगेच तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की ते थांबे. आळीपाळीने कितीही वेळा केले तरी शेवटचा प्रकाश कोणता होता त्यावरच निर्णय ठरे. हिरव्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडात तांबडा भाग गाळला जाऊन पलीकडचा उरतो. तेव्हा दाट झाडीखालच्या बारीक बियाला डोक्यावर कोणाची तरी सावली आहे हे कळण्याची ही सोय आहे. ज्या बियाच्या पोटात चार दिवसांचीही शिदोरी नाही, तिने असे सावध असणे युक्तच होय.

पिकाऊ धान्यांनी ही सावधगिरी बरीचशी टाकून दिली आहे. नवरात्रात महाराष्ट्रातील देवघरांत घटाभोवती धान्य पेरतात, काशीकडे कलशाभोवती जव पेरतात. देवघराच्या अंधुक उजेडात हे धान्य बिनतक्रार रुजते आणि नऊ दिवसांत वीतभर वाढते. मात्र त्याचे तृण पिवळट, नाजूक आणि लांब होते. रुजावयास त्याला प्रकाश लागत नाही, हिरवे व्हावयास लागतो.

ह्याच्या अगदी उलट टोक काशीच्या लंगडा आंब्यात दिसते. आंब्याची कोय वाळली की मरते. तिला सुप्तावस्था नाही आणि साठवणही सोसत नाही. फळ खाल्ल्यावर ती लवकरच ओल्या जागी पडली तर रुजते, नाही तर गेली. अशा बियांना कणगी अशी नसतेच. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’तील एका खंडाचे नाव ‘आम आँटिर भेंपू’ आहे. कोंब फुटलेली कोय घासून मुले जी पिपाणी करतात ती ही. उकिरड्यावर आपोआप रुजलेल्या कोयीवाचून हे खेळणे होत नाही, म्हणून ते पावसाळ्याच्या तोंडाशीच मिळावयाचे. (लंगडा मात्र कोयीपासून वाढवीत नाहीत, कोयीच्या झाडाला त्याच जातीची फळे येतील असा भरवसा नसतो, म्हणून कलम करतात.)

आता कणगीकडे पुन्हा वळावे. ताज्या कापणीच्या भाताच्या अनेक जातींत काही आठवड्यांची सुप्तावस्था असते. लगेच पेरले तर ते नीट रुजत नाही. कोरड्या कणगीत पडून राहिल्याने, दुसरे काहीही न करता, ती ओसरते. पुढे त्याच कणगीत त्याचे वयही वाढत जाते. पेशीपटले झिजतात, दुरुस्तीची शक्ती घटते, रुजण्यास अधिकाधिक दिवस लागतात, आणि शेवटी ते मरते. ही झीज ओल आणि उष्णता ह्यांनी वाढते. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन ह्यांनी सांगितलेला स्थूल नियम असा की, बियातील ओल शेकडा १ ने किंवा साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने कमी केले की बियाचे आयुष्य दुप्पट होते. तात्पर्य, ऑक्टोबरात कणगीत टाकलेले बी आणि जूनमध्ये काढलेले बी एकच नव्हे, हे बौद्धांचे म्हणणे स्थूल अर्थाने खरे ठरते. मात्र ते बदल क्षणाक्षणाला नवी वस्तू निर्माण होण्याचे नसून एकाच जिवंत देहाच्या पक्वतेचे आणि वार्धक्याचे आहेत. तेथे उदयनाचार्यांचे म्हणणे टिकते. दोन्ही पक्षांनी कणगीला निष्क्रिय मानले ही मात्र दोघांचीही समान उणीव होय.

हा वाद केवळ पोथीतला नाही, ह्याचा प्रत्यय २०२० च्या खरिपात महाराष्ट्राला आला. मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्यांच्या, बी उगवलेच नाही अशा तक्रारींचा पूर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. शेतकरी म्हणत, बियाणे सदोष. विक्रेत्यांकडून उत्तर येई की पेरणी खोल झाली, ओल पुरेशी नव्हती. एक बीजाला दोष देतो, दुसरा सहकारी कारणांच्या अभावाला. नव्यन्यायाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशी माणसे तोच वाद घालीत होती, आणि त्यांच्या वर्षभराच्या अन्नाचा व कर्जाचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. वस्तुस्थितीत दोन्ही बाजूंना जागा होती. सोयाबीनचे बीजावरण पातळ असते आणि भ्रूण त्याच्या लगत असतो. मळणीयंत्रातील वा पोती आदळण्यातील मार त्याला सोसत नाही. त्यातून २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने उभे आणि कापलेले पीक भिजले होते, आणि पुढच्या हंगामाचे बियाणे त्याच पिकातून यावयाचे होते. बियाणे कणगीत जाण्यापूर्वीच म्हातारे झाले होते असे म्हणता येईल. दुसरीकडे, फार खोल पेरलेल्या किंवा कोरड्यात पडलेल्या उत्तम सोयाबीनचीही तीच गत होते.

येथे भाषेचाही एक भाग आहे. मराठीत रुजणे आणि उगवणे ही दोन क्रियापदे आहेत आणि काळजीपूर्वक बोलणारा शेतकरी त्यांत फरक करतो. रुजणे जमिनीच्या आत घडते, उगवणे म्हणजे जमिनीवर येणे. सरकारी परिभाषेत ‘उगवणशक्ती’ हा शब्द रूढ झाला. प्रमाणित सोयाबीनसाठी तिचे किमान प्रमाण शेकडा ७० ठरविलेले आहे. परंतु ही उगवणशक्ती मोजली जाते प्रयोगशाळेतील कागदावर किंवा वाळूत, अनुकूल तापमानात आणि बेताच्या ओलीत. पिशवीवरील आकडा वाचणारा शेतकरी ‘उगवण’ ह्या शब्दाचा अर्थ आपल्या शेताप्रमाणे करतो, आणि शेकडा सत्तर रोपे वर दिसतील अशी अपेक्षा धरतो. हा आकडा सर्व सहकारी कारणे उत्तम असतानाचा आहे, हे तो शब्द सांगत नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी येथे रूढ भाषेचा कान ठेवला असता तर काही कटुता तरी टळली असती. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून, आठवड्याने मोड मोजण्याची जी घरगुती रीत कृषिखाते शिकविते, तिला उगवण म्हणण्यापेक्षा रुजवण म्हणणे अधिक सार्थ होईल.

वाराणसीस केंद्र शासनाचे राष्ट्रीय बीज संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि बियाण्याचे नमुने तपासण्याची केंद्रीय प्रयोगशाळा तेथेच आहे. अशा तपासणीत प्रत्येक नमुन्यातील साधारणतः ४०० दाणे शंभराशंभरांच्या चार वाट्यांत रुजत घालतात. सोयाबीनची अखेरची मोजणी आठव्या दिवशी होते. निरोगी रोपे एका रकान्यात आणि विकृत रोपे दुसऱ्यात मांडतात. न रुजलेल्या दाण्यांचे पुन्हा तीन वर्ग करतात: ज्यांनी पाणीच घेतले नाही ते कठीण, ज्यांनी पाणी घेतले, जे टणक आणि स्वच्छ राहिले पण जागे झाले नाहीत ते ताजे, आणि मऊ पडून बुरसलेले ते मृत. ताजा कोणता आणि मृत कोणता ह्याविषयी शंका आली तर दाणा उभा चिरून टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या रंगहीन द्रावणात ठेवतात. जर्मनीत लाकोन ह्यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत सिद्ध केली. जिवंत पेशींचे श्वसन त्या क्षाराला तांबडा करते. मेलेला भाग पांढराच राहतो. ज्या दाण्याने एकही कोंब दिला नाही, तो भ्रूणापाशी लालबुंद होऊ शकतो.